अळणी नैवेद्य

सरक बलभीमा, शेकोटीजवळ ये. तुराटी आख्खी टाकू नकोस, मोडून टाक; रात्र मोठी आहे आणि राखण उजाडेपर्यंतची आहे.

उद्या तुम्ही सगळे हिंमतरावांच्या रस्त्यावर जाणार म्हणे. गावकाम. आमच्या वेळी त्याला वेठ म्हणायचे. नाव बदललं, मुकादम तोच आहे. जायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. मी तुम्हाला वीरप्पाची गोष्ट सांगतो. जळकोटचा वीरप्पा वाणी, माझा दोस्त. आयुष्यात तोलमापाशिवाय काही बोलला नाही तो माणूस, म्हणून सांगतो.

पोलीस ॲक्शनच्या आधीची येळवस, मार्गशीर्षातला शेतपूजेचा सण. आजच्यासारखीच अमावस्या, आजच्यासारखीच थंडी. त्या हिवाळ्यात मीठ मिळत नव्हतं. सोलापूर हिंदुस्थानात, आपण निजामात. मधल्या जकातीच्या करोडगिरी नाक्यावर मीठ, रॉकेल सगळं अडवलेलं. वीरप्पा सोलापुराहून खडेमिठाचं एक पोतं चोरून आणत होता. बैलगाडी, वर कडबा, खाली पोतं, जूवर कंदील. नाका टाळायचा म्हणून मोठी सडक सोडून त्यानं हिंमतरावांच्या गढीकडं जाणारा नवा रस्ता धरला.

त्या रस्त्याची गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, पण अर्धीच. हिंमतराव तेव्हा जहागीरदार. आसपासच्या गावांतली माणसं धरून आणून रस्ता चाललेला. भर उन्हाळ्यात पटकी आली. टोपली डोक्यावर असताना माणसं पडली. मढी घरी न्यायला सवड मिळाली नाही. कडेलाच खड्डे काढले आणि वर मुरूम लोटला. कडूबाईचा नवरा दगडोबा त्यातच गेला. त्यानंतर गावात कुजबुज सुरू झाली. संध्याकाळी काम जिथं थांबायचं, सकाळी रस्ता त्याच्या पुढं गेलेला असायचा. हिंमतराव खूश. कोण करतं, हे त्यांनी कधी विचारलं नाही. मजुरी मागायला कुणी येत नव्हतं ना.

गावानं काय करावं? जे आपण करतो तेच केलं. दर अवसेला रस्त्याच्या टोकाला पत्रावळीवर दहीभात ठेवायचा. अळणी. मेलेल्याच्या घासात मीठ घालत नाहीत, हे तुमच्या आयांनाही ठाऊक आहे.

याला हसला तो एकटा बिरदेव. धनगराचा बिरदेव पोरवयात मुंबईला पळाला, आगबोटीवर कोळसा ओढू लागला आणि हैती नावाच्या बेटावर उतरला. बरीच वर्षं तिथल्या उसाच्या फडात राबून म्हातारा होऊन परत आला. दिवसभर वीरप्पाच्या दुकानापुढं बसायचा.

"तिकडली माणसं गुलाम हुती," तो सांगायचा. "एका राती शंख फुंकले, समदी उठली, मालकाला समुद्रात लोटलं. सोताचं राज्य केलं."

"बरं झालं की मग," वीरप्पा म्हणाला.

"काय बरं झालं? मालक पळाला अन् तिकडून भरपाई मागत बसला. माझे गुलाम गेले, त्येंचं मोल टाका. पिढ्यान्‌पिढ्या भरली त्येंनी. म्या असताना तर दुसऱ्याच गोऱ्यांची फौज आली. रस्ते करायचे म्हणून तीच माणसं दोरीला बांधून न्ह्यायची."

कडूबाई गूळ घ्यायला आली होती. तशीच उभी राहिली.

"तिथं नरकाला कुणी भीत न्हाय," बिरदेव म्हणाला. "भ्या एकाच गोष्टीचं. मेल्यावर कुणीतरी उठवंल अन् पुन्ना फडात जुपंल. तसल्या माणसाला तिकडं नाव हाय. त्येला अळणीच घालत्यात. मीठ जिभंला लागलं की त्येला उमजतं, आपुन मेलोय. मग तो कुणाच्या बापाचं ऐकत न्हाय."

कडूबाईचा चेहरा उतरला. "दर अवसंला म्याच भात ठिवते," ती म्हणाली. "म्हंजी... आमीच त्येस्नी झोपवून ठिवलंय?"

 कडूबाई गूळ न घेताच गेली.

तर येळवशीची रात्र. शेतात पूजा होऊन, पालेभाज्या-शेंगांची भज्जी आणि आंबील जेवून माणसं घरी परतलेली. पूजेसाठी उभारलेल्या कडब्याच्या कोपी मोकळ्या उभ्या. गाडी रस्त्याच्या टोकाशी आली आणि कुणीतरी बैलाचं शिंग धरलं.

"कडूअक्का? एवढ्या रातीला?"

"मीठ दे. तू सोलापुराहून येतूस, ठावं हाय मला. भज्जी आणलीय, आंबील आणलीय. घरात मिठाचा खडा न्हाय."

वीरप्पानं इकडंतिकडं बघितलं. हिंमतरावांच्या माणसांनी पोतं पाहिलं असतं, तर गाडीही गेली असती आणि तोही. त्यानं एक मूठ काढून दिली. कडूबाईनं पदर तसाच धरून ठेवला.

"वाणी तो वाणीच," ती म्हणाली. "मेलेल्याला बी तोलून देतूस व्हय रं?"

त्यानं मुकाट्यानं पोत्याचं तोंड सोडलं. तिनं ओंजळी भरभरून मीठ मडक्यांत घातलं, हातानं ढवळलं आणि मडकी रस्त्याच्या मधोमध मांडली.

मग टिकावाचा आवाज आला.

लांबून. एकसारखा.

बैल जागीच थिजले. वीरप्पाच्या तोंडातून वाफ निघत होती, बैलांच्या नाकातून निघत होती, कडूबाईच्याही. कंदिलाच्या उजेडात एक रांग येत होती. डोक्यावर टोपल्या. मुरमानं भरलेल्या. त्यांच्या तोंडातून... वाफ नव्हती.

पहिला मडक्यापाशी थांबला. वाकला. हात घातला.

खाल्लं.

मग त्यानं टोपली खाली ठेवली. हळूच. दुसऱ्यानं ठेवली. तिसऱ्यानं...

 नुसता टोपल्या टेकल्याचा आवाज.

शेवटचा दगडोबा.

"धनी..." कडूबाई म्हणाली.

त्यानं भज्जीचा घास घेतला. चावला. थांबला. मान वर केली. पहिल्यांदा तिच्याकडं बघितलं.

"मुकादम... हाय का?"

"न्हाय. कुणी न्हाय. म्या हाय. कडू."



"मला घरी..." तो म्हणाला. "घरी का न्हाय नेलं?"

कडूबाईचं तोंड उघडलं.  वीरप्पा म्हणायचा, बाकी सगळं मी विसरेन, तिचं ते उघडं तोंड विसरणार नाही.

दगडोबानं टोपली ठेवली. आणि ती सगळी... रस्त्याच्या कडेला उतरली.

सकाळी टोपल्या तिथंच होत्या. मडकी पुसून ठेवल्यासारखी रिकामी. त्यानंतर रात्री रस्ता वीतभरही सरकला नाही.

सुटले म्हणता? ते सुटले. हिंमतरावांना हात कमी पडू लागले. कुणीतरी कडूबाईचं नाव सांगितलं. त्यांनी तिच्या डोक्यावर त्यातलीच एक टोपली दिली. पुढच्या उन्हाळ्यात तीही त्याच रस्त्यावर पडली. तिलाही कुणी घरी नेलं नाही. मग फौज आली, निजाम गेला. आपण गुलाल उधळला, बिरदेव तेवढा घरात बसून राहिला. हिंमतरावांनी टोपी बदलली. जहागिरी गेली, ठेका आला. रस्ता तोच.

हसू नकोस बलभीमा. म्हातारा भिववतोय असं वाटतंय ना? वाटू दे.

मघाशी तुझी आई माझ्याकडं आली होती. आज पहाटे तुमच्या उंबऱ्यावर तिला हे सापडलं. ह्याच्याही घरी सापडलं, त्याच्याही. काल मुकादमानं ज्यांची ज्यांची नावं पुकारली, त्या घरांच्याच उंबऱ्यांवर. दुसरीकडं कुठं नाही, मी विचारून आलो.

खडेमीठ आहे. आता मीठ कुणाच्याही घरात असतं, कुणीही ठेवलं असेल. पण मिठाचं मर्म ठाऊक असलेल्या वीरप्पाला जाऊन वर्ष झालं, बिरदेव त्याच्याही आधी गेला. आणि हा चिकटलेला लाल मुरूम बघ... ओला आहे अजून. या दिवसांत कुठून ओला राहिला?

मला नाही माहीत.

धर. जिभेला लावून बघ.