सगळ्यात सुखी वॉर्ड

चादरींच्या खोलीचं दार भिंगरीनं ढकललं, आणि बघते तर काय, तिच्या जागेवर एक पुरुष बसलेला!

भिंगरी म्हणजे माझी नात. हॉस्पिटलात सिस्टर आहे. सहा वर्षांत तिला तिथं कुणी चालताना पाहिलेलं नाही, पळतानाच. ती गेली की तीन खाटा पलीकडच्या पेशंटचं पांघरूण उडतं म्हणतात. दिवसातून एकदा, फक्त चार मिनिटं, ती या खोलीत येते. इस्त्रीच्या गरम चादरींना पाठ टेकून डोळे मिटते. तिची जेवणाची सुट्टी म्हणजे एवढीच.

"उठा," ती म्हणाली.

"थोडं बसू द्या ना... तुमच्या मेट्रनबाई मला शोधतायत."

"का? काय चोरलंत?"

"अजून काही नाही." त्यानं वर पाहिलं. डोळे छान होते मेल्याचे, पण खाली काळी वर्तुळं. अगदी तिच्यासारखीच. "सरकतो मी. दोघं मावू."

"मावू म्हणे! कपाट आहे हे, बाग नव्हे."

पण पाय असे ठणकत होते की बसली. मध्ये चार अभ्रे रचले, आणि मगच.

"चार मिनिटं आहेत माझ्याकडे. बोलायचं नाही."

"नाही बोलत."

अर्धं मिनिट गेलं. आणि बोललं कोण? हीच!

"मेट्रन तुम्हालाही तो सुखाचा फॉर्म भरायला लावणार असतील. कामात आनंद वाटतो का, सकाळी उठल्यावर उत्साह वाटतो का, दहापैकी गुण द्या... आमच्या वॉर्डाचे तेवीसच्या तेवीस मीच भरले. चहाच्या वेळात. सगळीकडे दहा!"

तो हसला नाही. "सगळ्यांचे... तुम्ही?"

"मग काय! गेल्या वर्षी सगळ्यांनी खरं लिहिलं होतं. पाय सुजतात, माणसं कमी पडतात. त्यावर केलं काय, तर वॉर्डात हसऱ्या सूर्याचं चित्र टांगलं. यंदा पोरी सह्या करून मोकळ्या झाल्या. म्हणाल्या, ताई, बाकीचं तूच भर. एकीच्या फॉर्मवर तर मी लिहिलं, सुट्टी असली की मला करमत नाही."

"वाचलंय मी ते," तो हळूच म्हणाला.

"तुम्ही कसं वाचलंत?"

"सर्व्हे माझाच आहे."

चादरींना टेकलेली पाठ सोडून भिंगरी ताठ बसली.

"चार वाजता मोठ्या साहेबांकडे मीटिंग आहे, त्यासाठीच मेट्रनबाई शोधतायत," तो सांगू लागला. "माझ्या अहवालात तुमचा वॉर्ड सगळ्यात सुखी निघालाय. म्हणून तुमच्या दोन सिस्टर उद्यापासून दुसऱ्या वॉर्डात. ऑर्डर टाईप झालीय, फक्त सही राहिलीय. मला तेवीस फॉर्म एकाच अक्षरात दिसले, म्हणून काय करावं याचा विचार करत इथं लपलो होतो."

भिंगरीनं घड्याळ पाहिलं. साडेतीन वाजून गेले होते.

"दोघी गेल्या तर दुपारच्या पाळीला बत्तीस पेशंटमागे आम्ही दोघीच उरतो!"

"माहितीये."

"मग सांगा ना त्यांना, फॉर्म खोटे आहेत म्हणून!"

"सांगेन. ते म्हणतील, खाली सह्या आहेत, तुमचा नुसता संशय आहे. भरले कोणी ते सांगा."

"...आणि माझी नोकरी?"

"म्हणून तर तुमचं नाव मी घेणार नाही. तुम्ही जा वॉर्डात. आपण भेटलोच नाही."

जायला हवं होतं तिनं. चार मिनिटं केव्हाच संपली होती. ती मात्र एका अभ्र्याची घडी घालत बसली, परत मोडत, परत घालत.

"आज सकाळी..." तिचा आवाज एवढा बारीक झाला की तो पुढं वाकला. "सात नंबरचं इंजेक्शन मी सतरा नंबरला द्यायला निघाले होते. सुई हाताशी नेली होती. त्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, पोरी, माझं नाव तरी विचार. वाचले बिचारे. पण मला ना... काही वाटलंच नाही हो. भीती नाही, रडू नाही. नुसतं मनात आलं, बरं, आता सात नंबरकडे जायचं. अशी नव्हते मी."

त्यानं उपदेश केला नाही. घाबरू नका, सगळं ठीक होईल, असलंही काही नाही. तिच्या हातातला चुरगळलेला अभ्रा घेतला आणि स्वतः घडी घालायला लागला. इतकी वाकडी घडी मी तरी जन्मात घातली नसती!

"यंदा बाराशे माणसांना विचारलंय मी, कसं वाटतं म्हणून," तो म्हणाला. "खरं उत्तर हे पहिलं."

"आणि तुम्हाला कुणी विचारलं?"

"मला?... नाही."

"मग मी विचारते. कसं वाटतं?"

"आठ महिने झाले, घरी गेलो की बूट न काढता पलंगावर पडतो. पण आत्ता... बरं वाटतंय. लाज वाटावी इतकं बरं."

भिंगरीचे कान असे तापले, की त्यांच्यावर आणखी डझनभर चादरींना इस्त्री झाली असती.

ती उठली. "चला."

"कुठं?"

"नाव सांगायला."

साहेबांच्या खोलीत पंखा गरगरत होता आणि साहेबांचं पेन कागदाला टेकलेलं होतं. शेजारी मेट्रनबाई, कमरेवर हात.

"थांबा साहेब," भिंगरी म्हणाली. "ते फॉर्म मी भरलेत."

"तेवीस? एकटीनं?" मेट्रनबाई ओरडल्या.

"हो. तेवढंच बसायला मिळालं."

मग तिनं सगळं सांगितलं. सूर्याचं चित्र, पायांची सूज, आणि शेवटी ते सात आणि सतरासुद्धा. मेट्रनबाईंचे हात कमरेवरून कधी खाली आले, त्यांनाही कळलं नसेल.

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "मेमो मिळेल तुम्हाला. यातून सुटका नाही."

"चालेल."

"ऑर्डर थांबवतो. सर्व्हे पुन्हा होईल, प्रत्येकीला समोर बसवून." साहेब सर्व्हेवाल्याकडे वळले. "उद्यापासून तुम्हीच घ्या."

"मला जमणार नाही, साहेब."

भिंगरीनं चमकून त्याच्याकडे पाहिलं. आत्ता? आत्ता हा अंग काढून घेतोय?

"का जमणार नाही?"

"दुसऱ्या कुणाला पाठवतो. या वॉर्डाच्या बाबतीत मी आता... तटस्थ राहिलेलो नाही."

"म्हणजे काय?"

त्यानं साहेबांकडे पाहिलं, जमिनीकडे पाहिलं, आणि मग तिच्याकडे. "म्हणजे, या सिस्टरना बरं वाटावं असं मला फार वाटतं. सर्व्हेवाल्याला असं वाटून चालत नाही."

मेट्रनबाईंना असा ठसका लागला की खालच्या मजल्यावर पेशंट खाटेवर उठून बसले. ठसका ओसरल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "पंधरा दिवस रजा. आजपासून. आणि मला तोंड दाखवू नकोस."

बाहेर व्हरांड्यात दोघं शेजारी शेजारी चालत होते. हो, चालत!

"रागावलात?" त्यानं विचारलं.

"सगळ्यांसमोर बोलायची काय गरज होती?"

"एकट्यात धीर झाला नसता."

ओठ दाबूनही ती हसलीच. "मग आता?"

"आता तुम्ही रजेत काय करणार?"

"झोपणार."

"आणि उठल्यावर?"

"उठल्यावर... कळवीन."

झोपली म्हणजे काय, तीन दिवस झोपली! तिची वहिनी मधूनमधून नाकाशी बोट धरून बघायची. चौथ्या दिवशी दुपारी उठली, पोटभर जेवली, खिडकीत बसून केस विंचरले, आणि मग त्यानं लिहून दिलेल्या नंबरावर फोन लावला.

"उठलेय मी."

"येऊ?"

"या." तिनं पत्ता सांगितला. "पण सावकाश या हं. मला काही घाई नाहीये."

तो कसला सावकाश येतोय! दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून अकराव्या मिनिटाला दारात हजर. दार मीच उघडलं, तेव्हा निदान एवढं तरी खरं धरा.