मामा, सोडा!

"सोडा," तो म्हणाला, आणि तिने सोडली.

इतकंच झालं. कॅमेऱ्याची लांबची लेन्स त्या दोघांच्या हातांमधून निसटली, रंगमंचाच्या फळ्यांवर दणकन आपटली आणि गडगडत नेपथ्यातल्या जिन्याखाली गेली. जिन्यावर उभी असलेली नायिका आपलं रडणं अर्धवट टाकून वाकून बघू लागली. आणि पलीकडच्या विंगेत, यातलं काहीही ठाऊक नसलेल्या पडदेवाल्या मामांनी मोठा मखमली पडदा मोठ्या झोकात खाली सोडला.

"अहो, तुम्ही सोडा म्हणालात!" तिचा आवाज चिरकला.

"मी मामांना म्हणालो!" त्याने कानावरच्या हेडफोनकडे, ओठांपुढच्या काडीएवढ्या माइककडे बोट दाखवलं. "पडदा सोडा, असं!"

"मग माझ्याकडे बघून कशाला म्हणालात?"

उत्तर त्याच्याकडे होतं, पण ते देण्याची ती वेळ नव्हती.

आता यात चूक कुणाची, हे ठरवणं अवघड आहे. फोटोवाल्यांच्या घरात एक रीत असते. लेन्स एका हातातून दुसऱ्या हातात जाताना देणाऱ्याने आपल्या मनाने सोडायची नाही. घेणाऱ्याची बोटं नीट बसली की तो म्हणतो 'सोड', आणि मगच पकड ढिली करायची. तिच्या आत्याने तिला कॅमेऱ्याच्या आधी हा शब्द शिकवला होता. त्यांच्या घरी चहाचा कपसुद्धा असाच दिला-घेतला जाई, आणि आलेला पाहुणा 'सोड' म्हणेना तेव्हा कप दोघांच्या हातात तसाच अडकून राही.

नाटकवाल्यांचा 'सोडा' वेगळा. तो पडद्याचा. या नाटकाचा रंगमंच व्यवस्थापक म्हणजे हाच, हेडफोनवाला. सगळी मंडळी त्याला 'घड्याळ' म्हणत, कारण त्याचा पडदा कधी एका श्वासानेही पुढे-मागे होत नसे. अंधाऱ्या विंगेत लेन्स बदलताना तिने शेजारच्या सावलीला विचारलं होतं, "जरा धरता का?" त्याने भलेपणाने हात पुढे केला आणि नेमका त्याच क्षणी तालमीतला अंक संपला.

तो जिन्याखाली पोटावर सरपटत गेला आणि अंगभर धूळ घेऊन बाहेर आला. लेन्स त्याने दोन्ही हातांत धरली होती.

"काच शाबूत आहे," तो हळूच म्हणाला. "घ्या... नीट धरलीत?"

"धरली."

"मग म्हणा."

"काय?"

"सोडा."

तिला रडू येत होतं, आणि त्यातच हसूही आलं. "सोडा," ती म्हणाली. त्याने सोडली.

काच शाबूत होती हे खरं, पण कडेला पोचा आला होता आणि फोकसची रिंग जागच्या जागी गच्च अडकली होती. गुडघ्याच्या दुखण्याने घरी बसलेली आत्या निघताना म्हणाली होती, "हे फोटो जमले तर इथून पुढे नाटकांची सगळी कामं तुझी. नाही जमले तर पासपोर्टचे फोटो आहेतच जन्मभर." आणि हे फोटो ज्या रंगीत तालमीत काढायचे, ती तर परवावर आली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आरशापुढे वाक्यं घोकत बसली. आत्या, एक सांगायचंय... आत्या, रागावू नकोस... शेवटी जीव मुठीत धरून ती खाली स्टुडिओत उतरली, तर तो आधीच तिथे हजर! पासपोर्टच्या फोटोसाठी ठेवलेल्या स्टुलावर, मागे निळा पडदा, पाठ ताठ, दोन्ही हात गुडघ्यांवर. समोर आत्या, पाय खुर्चीवर लांब करून.

"चूक पूर्णपणे माझी आहे," तो सांगत होता. "त्यांना बोल लावू नका."

"अजिबात नाही!" ती दारातूनच म्हणाली. "चूक माझी आहे, आत्या. देताना मी त्यांच्या हाताकडे बघायला हवं होतं."

"मग कुठे बघत होतीस?" आत्याने विचारलं.

तिने लेन्सची पिशवी उगाच या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

आत्याने चष्मा कपाळावर चढवला आणि एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. "म्हणजे दोघांपैकी एकाचंही लेन्सकडे लक्ष नव्हतं. असो. आण इकडे."

आत्याने लेन्स कॅमेऱ्याला लावून खिडकीबाहेर रोखली, मग दाराकडे, मग त्या स्टुलाकडे. "एकाच अंतरावर स्वच्छ दिसतंय. त्याच्या पुढे-मागे सगळं धुकं. दुरुस्तीला जाऊन परत येईपर्यंत नाटक शिळं होईल. दुसरी मागून आणता येईल कुणाकडून तरी..."

"आणू?" तिचा जीव भांड्यात पडला.

"आण की. मी असते तर याच लेन्सने काढले असते," आत्या म्हणाली आणि चहाकडे वळली.

झालं! एवढं ऐकल्यावर दुसरी लेन्स मागायला जाणारी ती आत्याची भाची कसली?

नाट्यगृह दुपारी रिकामं असतं. खुर्च्यांवर पांढरी कापडं, छतातून एकच दिवा, आणि लाकडाचा, रंगाचा, जुन्या मखमलीचा वास. तो सुती दोरी घेऊन आला. लेन्सला ज्या अंतरावर स्पष्ट दिसत होतं, तेवढी दोरी त्यांनी मापून घेतली. एक टोक तिच्या हातात, दुसरं त्याच्या.

"तुम्ही इथे उभ्या राहा," तो म्हणाला, "मी सगळं नाटक चालून दाखवतो."

"मला तू म्हटलंत तरी चालेल. सगळी मंडळी म्हणतात."

"मला एकदम नाही जमत."

"मग हळूहळू जमवा. दोरी सैल पडतेय, मागे सरका."

आणि खरंच, त्याने सगळं नाटक चालून दाखवलं. भांडणाच्या प्रवेशात नायक खुर्चीला कुठे ठेचकाळतो, नायिका पत्र न वाचताच खिडकीकडे कशी वळते, म्हातारा बाप कुठल्या वाक्याला टेबलाचा आधार घेतो, सगळं त्याच्या पायांत होतं. बापाची वाक्यं म्हणताना तो आपसूक वाकला, नायिकेचं वळणं दाखवताना मान अशी काही वळवली की तिला हसायचंही सुचलं नाही. रोज अंधारात उभं राहून या माणसाने दुसऱ्यांचं नाटक किती जिवापाड पाहिलं होतं! ती दोरीचं टोक धरून बघतच राहिली. आपल्याला कुणी असं लक्ष देऊन पाहिलं तर कसं वाटेल, असा एक चुकार विचार तिच्या मनात आला आणि तिने तो घाईघाईने परतवून लावला.

"जिन्याची खालची पायरी," तो तिथे पोहोचून म्हणाला. "शेवटचा प्रवेश. हा फोटो मिळायलाच हवा. दोरी ताणा."

ती मागे मागे सरकत विंगेत आली. दोरी ताणली गेली, तेव्हा तिच्या पोटऱ्यांना एक स्टूल लागलं.

"हे कुणाचं?"

"माझं," तो म्हणाला. "उद्या तुमचं."

"आणि तुम्ही?"

"उभा राहीन की. घड्याळं बसत नाहीत."

त्याने गुडघे टेकून स्टुलाच्या चारी पायांभोवती फळ्यांवर खुणेची चिकटपट्टी लावली. उठता उठता, तिच्याकडे न बघता म्हणाला, "लेन्स बदलताना तुम्ही जीभ दातांत धरता. माहीत आहे तुम्हाला?"

"नाही... कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. काल तेच बघत होतो. मामांना सोडा म्हणालो तेव्हा."

असं सांगून तो दोरी गुंडाळत निघूनही गेला. ती मात्र स्टुलावर बसून राहिली, कितीतरी वेळ.

रंगीत तालमीला तिने एकदाही धावपळ केली नाही. एरवी ती माणसांच्या मागे पळायची. आज माणसं तिच्या अंतरावर येण्याची वाट बघत बसायची होती, आणि ती कधी येणार हे तिच्या खांद्यामागे उभ्या असलेल्या माणसाला पाठ होतं. तो माइक हाताने झाकून कुजबुजे, "येतोय... अजून नाही... घ्या." ती बटण दाबे. "आता ती थांबेल. श्वास घेईल. घ्या." एकदाही त्याचा 'घ्या' चुकला नाही. त्याचा आवाज इतका शांत होता की तिलाही घाई करावीशी वाटेना. दोन अंकांच्या मध्ये तो काही कामाने मंचावरून पलीकडच्या विंगेकडे निघाला, जिन्याशी क्षणभर थांबला, हात वर करून दिवेवाल्याला खूण केली... आणि तिने कुणी 'घ्या' न म्हणताच घेतला.

फोटो आत्याने टेबलावर पसरले. ती एकेक फोटो बघत गेली. बापाच्या टेबलावर टेकलेल्या बोटांपाशी थांबली. खिडकीकडे वळलेल्या मानेपाशी थांबली. जिन्याच्या पायरीवरच्या रडण्यापाशी तर चष्मा काढून पुन्हा लावला.

"हे मला नसते जमले," आत्या म्हणाली. आत्याने असं म्हणणं ही काही साधी गोष्ट नव्हती. भाचीचे डोळे भरून आले. "मी आपली माणसांच्या मागे धावले असते. तू वाट पाहिलीस. जा, नाटकांची कामं तुझी."

मग तिने सगळ्यात खालचा फोटो वर काढला. जिन्याशी उभा, कानाला हेडफोन, वर केलेला हात, आणि चेहऱ्यावर दिव्याची एक तिरपी तिरीप.

"हा नाटकात आहे का गं?"

"नाही."

"लेन्स बाकी बरोब्बर जागी अडकली आहे," आत्या म्हणाली आणि तो फोटो तिच्या हातात दिला. "धरलास?"

"सोड," भाची म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

पहिल्या प्रयोगाला तिला काही काम नव्हतं. फोटो बाहेर दारात लागले होते आणि लोक त्यांच्यापुढे थांबत होते. तरी ती कॅमेरा न घेताच विंगेत आली. चिकटपट्टीच्या खुणांमध्ये स्टूल तसंच होतं, रिकामं, आणि तो शेजारी उभा.

"बसा ना," तो म्हणाला.

"तुम्ही बसा. आज मी काम करत नाहीये."

"मग का आलात?"

"धुकं नसेल तेव्हा तुम्ही जवळून कसे दिसता, ते बघायला. लेन्समधून जवळ आलात की विरघळूनच जाता."

त्याने घाईघाईने कानावरचा हेडफोन सारखा केला. समोर पहिला अंक सुरू झाला होता म्हणून बरं. संपूर्ण नाटकभर स्टूल कुणीच वापरलं नाही. शेवटच्या प्रवेशात नायिका खालच्या पायरीवर आली, प्रेक्षागृह चिडीचूप झालं, आणि त्या शांततेत कुणाचा हात आधी पुढे आला ते सांगता येणार नाही. पण तिची बोटं त्याच्या बोटांत बसली. नीट बसली.

नाटक संपलं. टाळ्या सुरू झाल्या. नटमंडळी हात जोडून उभी राहिली, वाकली, सरळ झाली आणि पडद्याची वाट बघू लागली.

पडदा आला नाही.

त्याने तोंड उघडलं होतं. शब्द जिभेवर होता. पण त्याने एकदा गुंतलेल्या हातांकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तोंड मिटलं. मंडळी पुन्हा वाकली. टाळ्या वाढल्या. हेडफोनमधून मामांचा आवाज तिलासुद्धा ऐकू आला, "अरे घड्याळा, बंद पडलास काय? सोडू का?"

"काय झालं?" तिने कुजबुजत विचारलं.

त्याने माइक झाकला. "मी तो शब्द म्हटला की तुम्ही सोडता. मागच्या वेळी सोडली होतीत."

समोर म्हातारा बाप तिसऱ्यांदा वाकला आणि कमरेवर हात ठेवून विंगेकडे रागाने बघू लागला. एका श्वासानेही पडदा कधी न चुकवणारा माणूस तिच्यासाठी सगळं नाट्यगृह ताटकळत ठेवून उभा होता. तिला त्याच्याबद्दल इतकं भरून आलं की हसू आवरेना.

"सोडा म्हणजे अहो-जाहोतलं," ती त्याच्या कानाशी म्हणाली. "मामांना म्हणायचं ते. मला तू म्हण ना... मग गोंधळच होणार नाही."

त्याने तिच्याकडे पाहिलं. अख्ख्या नाट्यगृहाच्या टाळ्या चालू होत्या आणि त्याला त्यातली एकही ऐकू येत नव्हती.

"अगं..." तो म्हणाला. थांबला. पहिल्यांदाच म्हणत होता ना! "अगं, तू... सोडू नकोस."

"नाही सोडत," ती म्हणाली.

मग त्याने माइकवरचा हात काढला आणि आपल्या नेहमीच्या, अगदी शांत आवाजात म्हणाला, "मामा, सोडा."

पडदा खाली आला.