पहिल्या हाकेला ओ

कल्याणचं परतूरला मोबाईल दुरुस्तीचं दुकान होतं. भुताखेतांवर त्याचा काडीचाही विश्वास नव्हता. बिघाड आहे म्हणजे कारण असणारच, ते शोधायला डोकं शांत लागतं, असं तो गिऱ्हाइकांना ठणकावून सांगायचा. हौसेनं घेतलेल्या छोट्या ड्रोनची मात्र घरात थट्टाच व्हायची. "लेकरालाबी लाजवलं बाई तुमी," बायको तृप्ती म्हणायची.

आज ते खेळणंच कामाला आलं. त्याची आई, दुर्गाबाई, दुपारी वाटूरच्या शेतात तुरीच्या शेंगा तोडायला गेली होती, ती दिवस कलला तरी परतली नव्हती. फोन लागेना. तूर डोक्याच्या वर गेलेली, आईच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि शेताच्या पल्याडच्या टोकाला बिनकठड्याची जुनी विहीर. अंधार पडायच्या आत ती सापडायलाच हवी होती.

बांधावर उभं राहून त्यानं ड्रोन उडवला. मोबाईलवर तुरीचे शेंडे सरकू लागले. ड्रोन विहिरीकडे वळला आणि चित्र गोठलं. वाय-फाय तुटलं होतं.

"हात्तिच्या!" कल्याण चरफडला. पण हा रोग त्याच्या ओळखीचा होता. ड्रोनच्या वाय-फायवर इंटरनेट नसतं, म्हणून मोबाईल ते सोडून आपल्या डेटाकडे पळतो. त्यानं डेटा बंद केला, मान खाली घालून पुन्हा वाय-फाय जोडू लागला.

"कल्याण!" मागून आईची हाक आली.

"ओ!" तो बोलून गेला. जीव भांड्यात पडला. वळून पाहिलं, तर बांधावर कुणीच नव्हतं.

दिवेलागणीला शेतात हाक आली तर पहिलीला ओ द्यायची नाही, दुसरीलाही नाही. माणूस असलं तर तिसऱ्यांदा मारतंच. माणूस नसलं, तर ओ देणाऱ्याचा आवाजच ते घेऊन जातं, असं आई म्हणायची. लहानपणापासून पाळलेली रीत आज मोबाईलच्या नादात सुटली होती. काय हा येडेपणा, त्यानं मनातच स्वतःला दटावलं. घसा मात्र कोरडा पडला होता.

मोबाईलवर अक्षरं उमटली. दुसरा मोबाईल जोडलेला आहे.

या ड्रोनला एका वेळी एकच मोबाईल चालायचा. वाय-फाय तुटलं की तो गपगुमान खाली उतरायचा. आता मात्र तो तुरीवर घोंगावतच होता, कुणी चालवत असल्यासारखा.

मग चित्र आपोआप आलं.

तुरीच्या ओळींमधून आई चाचपडत चालली होती. तिच्या पुढं एक माणूस होता. अंगात निळा चौकड्यांचा शर्ट, हातात मोबाईल. कल्याणनं खाली आपल्या शर्टाकडे पाहिलं. तोही निळा, चौकड्यांचाच.

त्यानं आईला फोन लावला. या वेळी लागला.

"आरं, फोन काहून करून राह्यलास? पुढंच तर चाललास की," आई म्हणाली. "पहिल्या हाकेला म्या ओ दिलीच न्हाई. तीनदा मारलीस, मंग निघाले. आवाज बराबर तुझाच."

चित्रातला माणूस विहिरीपाशी आला. विहिरीच्या उघड्या तोंडावरून तसाच चालत पलीकडे गेला, आणि आईकडे तोंड करून उभा राहिला.

कल्याणनं जिवाच्या आकांतानं तोंड उघडलं. आई, थांब, तो मी न्हाई!

ओठ हलले. घशातून काहीच निघालं नाही.

तुरीच्या पल्याडून त्याचाच आवाज आला. "आई, ये ना जल्दी."

फोनमध्ये आई हसली.

"ओ. आले रं बाबा, आले."