गोल देठाचं गवत

आगाथाबाईंच्या पत्राला माइनराड मास्तरांनी उत्तर दिलेच नव्हते. ‘माझा बाल्झ गवतचोर होता का, एवढंच सांगा. तुमच्याच शाळेतला तो. चर्चमध्ये माझ्या बाकावर कुणी बसेना, म्हणून मी गाव सोडून बहिणीकडे आलेय.’ यावर लिहायचे तरी काय? शेवटी मास्तरांनी ते पत्र खाजगी गुप्तहेर रेगुला इमहोल्त्सपुढे सरकवले. आज दोघे ऊरी परगण्याच्या डोंगरात, म्हाताऱ्या गिस्लरच्या गोठ्यात उभे होते.

“इथंच माझ्या उताराच्या पायथ्याशी मेला,” गिस्लर म्हणाला. “हा भारा छातीवर, भाऱ्याचा लाकडी आकडा मोडलेला. माझं गवत पळवताना घसरला, दुसरं काय! मेलेल्याच्या छातीवरचं गवत गाईला घालत नाहीत, म्हणून भारा उघडलासुद्धा नाही.”

“तुमच्या उतारावर उगवतं काय?”

“लव्हाळी, नुसती लव्हाळी. ओलसर जागा ना! बाल्झचा उतार वरचा, उन्हातला. भारे खाली सोडायची तार तेवढी माझ्या पायथ्याशी उतरते त्यांची.”

रेगुलाने भाऱ्यातून दोन-चार मुठी उपसून पाहिल्या. एक काडी बोटांत फिरवून तिने मास्तरांच्या हातात दिली.

“काय दिसतं, मास्तर?”

“गवत,” ते ओशाळून म्हणाले. “ताठ आहे. गोल.”

“वा! शाळा सुटली.”

बाल्झचा धाकटा भाऊ पेटर अंगणात विळ्याला धार लावत होता.

“मी तापानं फणफणलो होतो, ताई. वर एकटा बाल्झच होता.”

“तारेवरून भारे कसे सोडता?”

“दोघं लागतात. खालचा काठीनं तार ठोकतो. वरच्याच्या हाताला ते कळलं, की तो भारा आकड्यानं तारेला अडकवून सोडतो.”

रेगुलाने काडी त्याच्यापुढे धरली.

“लव्हाळ्याचा देठ तीनधारी, बोटांत अडखळतो. हा गोल आहे, आणि पात्याचं टोक होडीसारखं. सगळा भारा असाच आहे. गवत उन्हातलं, म्हणजे तुमचंच. बाल्झनं चोरी केली नाही. भारा खांद्यावरून पडता तर आकडा मोडला नसता. तो तारेवरून सुसाट येऊन आदळला. बाल्झ खाली होता, पेटर. मग वरून सोडला कुणी?”

विळ्यावरचा दगड थांबला.

“तार थरथरली, ताई. मला वाटलं, त्यानंच ठोकली. वारा होता तो... मग गाव त्याला चोर म्हणायला लागलं, आणि मी गप्प राहिलो. आईला आता मी एकटाच उरलोय.”

 

पायरीवर बसून मास्तरांनी लिहिले : ‘बाल्झ चोर नव्हता.’

“आई विचारेल, मग झालं काय?” पेटर म्हणाला.

मास्तरांनी पेन त्याच्यापुढे केले. पेटरने खाली काही ओळी लिहिल्या. त्या कुणी वाचल्या नाहीत.

चौकातल्या पिवळ्या टपालपेटीत मास्तरांनी पाकीट टाकले. ते परत काढायला पेटरने झटकन फटीत हात घातला. बोटे दोन पेरांपर्यंत गेली, पुढे जाईनात.