मालतीच्या नावाचा साप

सोमवारी सकाळी सुलेखाने कपाट उघडलं. दक्षिण अमेरिकेच्या कप्प्यातली एक बरणी गायब होती.

सिंगापूरच्या एका विद्यापीठातला सापांचा संग्रह सांभाळणं हे तिचं काम. गेलेली बरणी साधी नव्हती. ॲमेझॉनच्या खोऱ्यातल्या त्या एका सापावरून २०१३ साली डॉ. निशिकांतनी नवी जात जाहीर केली होती. आज दुपारी दोनला ब्राझीलचे तज्ज्ञ तोच साप तपासायला येणार होते.

शुक्रवारनंतर खोलीत दोघंच आले होते, तेही शनिवारी. निशिकांत, आणि सफाई करणाऱ्या रहीमा आंटी.

सुलेखाने पाच सहकाऱ्यांसमोर रहीमाला पिशवी रिकामी करायला लावली. जेवणाचा डबा, छत्री, नमाजाची ओढणी. रहीमाने एकेक वस्तू परत पिशवीत भरली.

मग सुलेखा एकेक कप्पा तपासत बसली. बोर्निओच्या कप्प्यात एका बरणीतलं अल्कोहोल पार झाकणाला टेकलं होतं. नोंदीप्रमाणे आत एक साप हवा. होते दोन. दुसऱ्याच्या चिठ्ठीचा दोरा कापलेला.

हरवलेला साप तोच का, हे बघायला तिने तो भिंगाखाली धरून खवल्यांच्या ओळी मोजल्या. पुन्हा मोजल्या. मग निशिकांतच्या खोलीत जाऊन तिने दार लावून घेतलं.

"सर, तुमच्या लेखात ओळी किती आहेत?"

"पंधरा. म्हणून तर ती नवी जात."

"कुठे मोजल्या?"

"धडाच्या मध्यावर. तिथेच मोजतात."

"मध्यावर सतरा आहेत, सर. शेपटीकडे कमी होत पंधरा होतात. सतरावाली जात कधीचीच माहीत आहे."

निशिकांतचा चेहरा उतरला. "म्हणजे साप सापडला."

"चोराने सापासकट बरणी पळवली असती. इथे नुसती रिकामी बरणी नेलीय आणि साप हुबेहूब त्याच्यासारख्या सापाशेजारी लपवलाय. हजारो सापांतून तसा जोडीदार शोधायला जाणकार लागतो. शनिवारी इथे जाणकार एकच होता."



"फेकून देववला नाही," तो म्हणाला. "घाईत चुकीच्या जागी मोजलं. दोन वर्षांपूर्वी लक्षात आलं. जातीला आईचं नाव दिलंय, मालती. साताऱ्यात ती आल्यागेल्याला त्याचा फोटो दाखवते. कुठल्या तोंडाने सांगू?"

"पाहुण्यांना तरी सांगा. माझंही एक सांगायचं राहिलंय."

दोन वाजता निशिकांतने पाहुण्यांपुढे साप ठेवला आणि मान खाली घालून सगळं कबूल केलं.

सुलेखाने सकाळच्या पाचही जणांना पुन्हा बोलावलं. "आंटी, माझी चूक झाली. पुरावा नसताना तुमची झडती घेतली. डॉक्टरांची बॅग बघावी, हे माझ्या मनातसुद्धा आलं नाही."

रहीमाने हातातलं फडकं घडी करून ठेवलं. "मॅडम, माझी मुलगी इथेच शिकते. सकाळी ती दारात उभी होती."

"मी सांगते तिला. आत्ता कुठे भेटेल?"

"घरी गेली," रहीमा म्हणाली. "उद्या येणार नाही म्हणाली."