लाल पट्ट्या

"ताई, पाय दे इकडे."

"नको रे... वास येतो त्याला!"

खाटेवर बसलेल्या ताईनं पाय झटकन चादरीखाली ओढून घेतला. धाकटा भाऊ समोर जमिनीवर बसला होता. चार महिने झाले, तिच्या अंगठ्याची जखम भरत नव्हती. साखरेचं दुखणं जुनं, पायापर्यंत रक्तच धड पोचत नव्हतं. पट्टी बदलणारी नर्स आज रजेवर होती म्हणून तो आला होता, एरवी दारातूनच औषधं देऊन जायचा.

आईवडिलांमागे जिनं त्याला वाढवलं, स्वतःची शाळा सोडून बाटल्या विसळल्या आणि त्याच्याच जुन्या वह्यांवरून उतारवयात अक्षरं गिरवली, तिला आज त्याच्यासमोर पाय उघडा करायची लाज वाटत होती... आणि ही लाज काही नवी नव्हती. ती ज्या प्रयोगशाळेत काचसामान धुवायची, तिथंच तो मोठा संशोधक होऊन आला. पहिल्याच दिवशी चारचौघांत म्हणाला, "मावशी, जरा बाजूला व्हा." सगळेच तिला मावशी म्हणत. पण त्यानं म्हणावं...! तिनं मान खाली घालून बादली उचलली आणि मनाची समजूत घातली, साहेबाची बहीण बाटल्या विसळते हे बरं दिसलं नसतं.

तरी एकदा, आजूबाजूला कुणी नसताना, त्यानं तिला आपलं काम समजावलं होतं. "ताई, मूळपेशी वाढतात ना, त्या आपल्याभोवतीच्या पाण्यात बारीक बारीक पिशव्या सोडतात. त्यांत जणू निरोप असतो. तो पोचला की उपाशी पडलेल्या मांसात नव्या रक्तवाहिन्या फुटतात. लोक पेशी ठेवतात नि पाणी ओतून टाकतात, मला ते पाणीच हवंय!"

तिथली रीत साधी होती. निळी पट्टी लावलेल्या बाटलीला हात लावायचा नाही, लाल पट्टीची ओतून धुवायची. एका सकाळी तिच्या मोरीशेजारी अकरा लाल पट्ट्यांच्या बाटल्या होत्या. तिनं पट्ट्या सोलल्या, पाणी ओतलं, बाटल्या लख्ख केल्या.

"सहा महिन्यांचं काम गटारात घातलंत, मावशी!" सगळ्यांसमोर तो ओरडला. "निळी पट्टी दिसत नाही?"

एप्रनच्या खिशात त्या लाल पट्ट्या तिच्या हाताला लागत होत्या. वर त्याचंच अक्षर. पण विभागप्रमुख बाई शेजारीच उभ्या होत्या, आणि 'आणखी एक हलगर्जी झाली तर काम दुसऱ्याकडे देईन' असं त्यांनी त्याला आठवड्यापूर्वीच बजावलं होतं.

"डोळे गेले माझे," ती म्हणाली. "माझीच चूक."

त्याच दिवशी तिला घरी बसवलं. त्या गोष्टीला दोन वर्षं झाली.

"कात्री कुठंय?" भावानं विचारलं.

"डब्यात... थांब, तो डबा नको!"

पण पत्र्याच्या डब्याचं झाकण उघडलं होतं. आतल्या बाजूला अकरा लाल पट्ट्या ओळीनं चिकटवलेल्या. त्याचं अक्षर, त्याच दिवसाची तारीख. त्याला आता आठवलं. निळं रीळ संपलं होतं... नंतर बदलू म्हणून हाताशी होतं ते चिकटवलं... आणि तो विसरला होता!

"टाकून का नाही दिल्यास?"

"तुझं अक्षर रे... फेकवेना."

त्यानं फोन उचलला. तिनं त्याचं मनगट धरलं. "वेड्या, काम जाईल तुझं! मी कधी कुणाला बोलले का?"

"नाही बोललीस, तेच तर सोसवत नाही!" मग फोनमध्ये, अडखळत, "बाई, त्या बाटल्यांना लाल पट्ट्या मीच लावल्या होत्या. पुरावा समोर आहे... आणि त्या मावशी नव्हत्या. ती माझी सख्खी ताई आहे."

 पलीकडून बाई म्हणाल्या, "उद्या सकाळी लेखी द्या. तोवर कामाला हात लावू नका."

फोन ठेवून तो तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकून हुंदके देऊ लागला. "त्या पाण्याचं औषध अजून उंदरांवरच्या प्रयोगांपुढे गेलेलं नाही गं... तुझ्या पायाला काही ते मिळायचं नाही."

"मग कुणाच्या तरी पायाला मिळू दे. तू नाही तर दुसरा कुणी करील." तिनं त्याच्या केसांतून हात फिरवला. भावाचं काम जाणार, आणि आपल्याला मात्र 'ताई' ऐकून असा आनंद व्हावा...! त्या आनंदाचीच तिला लाज वाटली.

मग तिनं चादर बाजूला सारली आणि पाय आपणहून पुढे केला.