साठ किलोची हलकी पेटी

कृत्तिकाच्या उजव्या तर्जनीचं टोक तिचं ऐकेनासं झालं होतं. डाव्या हाताने सरळ केलं की ते गुमान सरळ व्हायचं, सोडलं की पुन्हा मान खाली घालायचं. बरं, फारसं दुखतही नव्हतं. हाड मोडलं असतं तर तिने वस्ती डोक्यावर घेतली असती. मग झालं होतं तरी काय?

चंद्रावरच्या त्या वस्तीत दर महिन्याला पृथ्वीवरून सामान येई. त्या दिवशी लहानथोर सगळे बोगद्यात रांगेने उभे राहत आणि चाकांच्या पेट्या एकमेकांकडे ढकलत. तीन आठवड्यांपूर्वी एक पेटी जरा जोरात आली. कृत्तिकाने हात पुढे करून ती अडवली आणि दणका नेमका बोटाच्या टोकावर बसला.

"दवाखान्यात दाखवून ये गं," वामनआजोबा म्हणाले होते.

"एवढ्याशा हलक्या पेटीने काय होतंय, आजोबा?" तिने विषय उडवून लावला. खरी गोष्ट अशी, की वस्तीच्या वाढदिवसाला तिचं पहिलंच तबलावादन होतं. डॉक्टर तबल्याला हात लावू देणार नाहीत, ही तिला धास्ती होती.

आता वाढदिवस चार दिवसांवर आला आणि तबल्यातून तर्जनीने वाजवायचा 'ना' हा बोल काही नीट निघेना. शेवटी आजोबांनी तिला हाताला धरून दवाखान्यात नेलं.

डॉक्टर मुलाणीबाईंनी बोट यंत्राखाली धरलं. "हाड शाबूत आहे. तुटलीय ती कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी चिवट दोरी). बोटाचं टोक हीच वर ओढते. पहिल्या दिवशी आली असतीस तर तेव्हाच पट्टीवर सरळ बांधलं असतं आणि तुटलेले भाग जुळायला लागले असते. आता आठ आठवडे बांधू. जुळतील, पण अगदी सरळ होईल असं वचन नाही देत."

कृत्तिकाचे डोळे भरून आले. "पण ती पेटी मी एकटीने उचलते. इतकी हलकी आहे."

आजोबांनी तीस वर्षं मुलांना पदार्थविज्ञान शिकवलं होतं. ते तिच्या शेजारी टेकले. "हलकी का? चंद्र तिला पृथ्वीच्या मानाने एक षष्ठांश जोरानेच खाली ओढतो म्हणून. ती ओढ म्हणजे वजन. पण पेटीत धान्य किती आहे?"

"साठ किलो."

"ते झालं वस्तुमान (वस्तूत पदार्थ किती आहे त्याचं माप). इथे येताना त्यातला एक दाणा तरी कमी झाला का?"

"नाही."

"उचलताना आपण वजनाशी झुंजतो. धावती पेटी अडवताना मात्र वस्तुमानाशी. म्हणून उचलायला दहा किलोची वाटणारी पेटी अंगावर येते ती साठ किलोचीच."

कृत्तिका बोटाकडे बघत राहिली. "म्हणजे पृथ्वीवर लागलं असतं तेवढंच लागलं मला?"

"तेवढंच. आपण चंद्रावरची माणसं इथेच फसतो. मीही नुसतं सांगून मोकळा झालो, तुला घेऊन आलो नाही. माझंही चुकलंच."

"मीच यायला हवं होतं," ती हळूच म्हणाली. तबला वाचवायला गेले आणि बोटच घालवायला निघाले होते, हे तिला फार लागलं.

वाढदिवसाला तबला यंत्रमानवाने वाजवला. बिनचूक वाजवला, याचाच तिला जास्त राग आला. पण आठ आठवडे तिने पट्टी एकदाही काढली नाही, अंघोळीलासुद्धा नाही.

पट्टी निघाली त्या दिवशी टोक स्वतःहून वर उठलं. पूर्ण नाही, किंचित बाक राहिला.

"हा राहणार?"

"राहील थोडा," मुलाणीबाई म्हणाल्या. "तबल्याची हरकत नसावी."

घरी येऊन तिने तबला पुढे ओढला. पहिला 'ना' बसका आला, दुसराही. तिसरा खणखणीत निघाला. आजोबा समोर मांडी घालून बसले आणि हाताने ताल धरू लागले. पुढच्या वाढदिवसाला अजून दहा महिने होते.